बोलावलं तर आहे, पण बसायला जागा आहे का?

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत म्हणून ठरवलं की सगळा कॉलम त्यालाच द्यायचा. हळदीकुंकू, सोसायटीचा गणपती, जयंती, गावची पालखी, परदेशातलं मंडळ, ठिकाणं वेगवेगळी पण दुखणं एकच, की चार लोक जमतात तिथे कोणीतरी कडेला उभं राहतं आणि पुढच्या वर्षी येतच नाही. भांडून गेलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, गप्प बसून गेलेला कोणाला आठवतही नाही, त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार वाईट वाटलं. नावं छापत नाहीये, गावंही जिथे चालेल तिथेच दिलीत.

ताई, मी ठाण्याला राहते. सासरे जाऊन तीन वर्षं झाली. या संक्रांतीला मला घरी हळदीकुंकू करायचंय, बिल्डिंगमधल्या पंचवीसेक बायका येतील. सासूबाई आत्तापासूनच म्हणतायत की त्या दिवशी मी पुण्याला लेकीकडे जाऊन येते. का जातायत ते मला माहितीये. मागच्या वर्षी शेजारी आम्ही दोघी गेलो होतो, तर करंडा माझ्यापर्यंत आला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला, तिळगूळ मात्र हातावर ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, घरी येऊन साडी बदलली आणि सकाळची भांडी घासायला घेतली. मी कार्यक्रम रद्दच करू का?

रद्द अजिबात करू नकोस गं. तू रद्द केलंस तर सासूबाईंना वाटेल की माझ्यामुळे सुनेची हौस राहिली, म्हणजे पुन्हा ओझं त्यांच्याच डोक्यावर.

पण अजून एक गोष्ट करू नकोस, उत्साहाच्या भरात पंचवीस बायकांसमोर अचानक त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला जाऊ नकोस. काहीजणी असं करतात, मनापासून करतात, पण त्या बाईला सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात आणि नको म्हणायची सोयच राहत नाही. आधी एकटीनेच बोल त्यांच्याशी, दुपारी चहा घेताना वगैरे, आणि बोलताना "तुम्हाला चालेल का" असं न विचारता "आई, मला पहिलं कुंकू तुमच्या हातून लावून घ्यायचंय" असं म्हणून बघ. चालेल का म्हटलं की त्यांना परवानगी मागितल्यासारखं होतं आणि त्यांच्या पिढीच्या बायका अशा वेळी नाहीच म्हणतात. तुझ्या घरातल्या मोठ्या त्या आहेत, मान द्यायचा हात त्यांचा आहे. त्या हो म्हणाल्या तर दारात तुझ्याबरोबर त्यांनाही उभं कर, वाण त्यांच्या हातून दे. आणि त्यांना खरंच कुंकू नको असेल, काहीजणींना नकोच असतं, तो त्यांचा नवऱ्याच्या आठवणीशी असलेला संबंध आहे, तर तेही मान्य कर, फक्त "मला नको" आणि "लोक काय म्हणतील" यातलं कुठलं आहे ते नीट ऐक. दोन्हीचा आवाज वेगळा येतो.

आता बाकीच्यांचं. ग्रुपवर बोलावणं टाकशील त्यात "सौ." लिहू नकोस आणि "श्रीमती" पण नको, "गं.भा." तर नकोच नको, नुसती नावं लिही. घटस्फोटित, लग्न न केलेल्या, नवरा गेलेल्या, सगळ्यांना एकच मेसेज. त्यात सरळ लिही की आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू, गजरा, अत्तर आणि वाण देणार आहोत, ज्यांना कुंकू नको असेल त्यांनी नको म्हणावं. मग करंडा जिच्या हातात देशील तिला आधीच सांगून ठेव की बसलेल्या ओळीने जायचं, कोणालाही ओलांडायचं नाही आणि प्रत्येकीला "लावू ना?" असं विचारायचं, नव्या नवरीला पण. सगळ्यांना विचारलं की कोणा एकीला विचारल्याचा बोभाटा होत नाही. हे आधी सांगितलं नाही ना तर ऐनवेळी तिचा हात आखडतो, तिचाही दोष नसतो, सवय तशी लागलेली असते.

एखाद्या काकू नाराज होऊन उठून जातील. जाऊ देत, त्यांच्याशी तिथे वाद घालू नकोस, पुढच्या आठवड्यात तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे जाऊन ये.

आणि कोणी म्हणालंच की हे काय नवीन खूळ, तर सांग की जुनंच आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं तेव्हा मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता, आणि तरी त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. आणि अगदी अलीकडे, ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायचं परिपत्रक काढलं. एका गावाला जे जमलं ते तुझ्या हॉलमध्ये नक्की जमेल.

माझी एक आत्या होती. आमच्याकडच्या प्रत्येक कार्याला तिळाचे लाडू तिच्या हातचेच हवे असायचे सगळ्यांना, पण बाहेर गजरे वाटले जायचे तेव्हा ती कायम आत गॅसपाशी. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते आणि मला एकदाही सुचलं नाही की एक गजरा आत नेऊन द्यावा. ती गेली. तुला सुचलंय, तर कर.

आमची पुण्यातली सोसायटी आहे, गणपती पोडियमवर बसतो, चार पायऱ्या चढून जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला, आता ते व्हीलचेअरवर असतात. पोरं खूप चांगली आहेत, "काका आम्ही उचलून नेतो की" म्हणतात आणि गेल्या वर्षी खुर्चीसकट नेलंही. पण त्या दिवसानंतर हे खाली यायचंच नाही म्हणतात. मी समजावून थकले.

तुम्ही नका समजावू, त्यांचं बरोबरच आहे असं मला वाटतं. जो माणूस तीस वर्षं स्वतः आरतीला उभा राहिला, कदाचित ढोलही वाजवला असेल, त्याला सगळ्या सोसायटीसमोर चार जणांनी उचलायचं, मध्येच "अरे धर धर" असं ओरडायचं, यात पोरांची माया आहे पण त्या माणसाचा जीव किती कानकोंडा होत असेल. उचलून नेण्यात पडायचीही भीती असते ती वेगळी.

कमिटीला एक हिशोब दाखवा. व्हीलचेअरच्या उताराचं जे प्रमाण धरतात ते १:१२ असतं, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तुमच्या चार पायऱ्या साधारण सहा इंचाच्या धरल्या तर उंची झाली दोन फूट आणि उतार लागेल चोवीस फुटांचा. त्यामुळे मंडपवाला जी सहा फुटी प्लायची फळी टाकून देतो ना "झालं रॅम्प" म्हणून, तिच्यावरून खुर्ची चढवणं म्हणजे घसरगुंडीवर उलटं चढणं आहे. चोवीस फुटाला जागा नसेल तर सरळ गणपतीच खाली पार्किंगमध्ये बसवा, बाप्पा वर बसला काय आणि खाली बसला काय. तुम्ही मागितलंत तर कमिटीला "एका माणसासाठी" वाटेल, म्हणून सांगते, गुडघे दुखणाऱ्या आज्या, बाबागाडीवाल्या आया, पोटुशी बाई, पाय प्लास्टरमध्ये असलेला एखादा मुलगा, सगळे त्या चार पायऱ्यांना घाबरतात, फक्त बोलत नाहीत.

खुर्च्या मांडतानाही बघा. व्हीलचेअरवाल्या माणसाला बहुतेकवेळा एकतर सगळ्यात मागे ठेवतात नाहीतर सगळ्यात पुढे, स्पीकरच्या तोंडाशी. त्याऐवजी ओळीच्या मध्येच कडेच्या दोन खुर्च्या काढून ठेवा, म्हणजे ते तुमच्या शेजारी बसतील, चार माणसांत. खुर्चीला हात लावायच्या आधी त्यांना विचारायचं, तुम्हाला नाही. "काकांना इकडे बसवू का?" हे काका समोर असताना काकूंना विचारतात लोक, याने माणूस किती दुखावतो ते मी जवळून पाहिलंय. आरतीचं ताट त्यांच्या हाताच्या उंचीला आणा.

आवाजाचंही याच निमित्ताने बोलून घ्या कमिटीशी. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, सणाचे मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं तेवढं सोडून. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार धरलेत आणि त्यातले कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत, ऑटिझम असलेलं मूल आवाजाने कान दाबून रडायला लागलं की लोक आईला म्हणतात लाडावून ठेवलंय. एक संध्याकाळ तरी नुसत्या टाळ-पेटीवर आरती करून बघा म्हणावं. किती नवीन चेहरे खाली येतील ते बघा.

माझी भाची ३४ वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही. नाशिकला आमच्याकडे कुळधर्माला सगळे जमतात तेव्हा तिला प्रत्येकजण विचारतो. माझे मिस्टर म्हणजे तिचे मामाच सगळ्यात पुढे. मामी म्हणून मी काय करू?

मामांना आदल्या रात्रीच सांगा, सगळ्यांसमोर नको. आणि त्या दिवशी कोणी विचारलंच तर तिने उत्तर द्यायच्या आधी तुम्ही बोला, "तिचं काम काय चाललंय ते विचारा की, फार भारी आहे." हेच मूल न झालेल्या सुनेसाठी, हेच वजन वाढलेल्या पुतण्यासाठी. घरात एक मोठं माणूस मध्ये पडलं की बाकीचे आपोआप गप्प होतात.

नवी मुंबईत आमचा फ्लॅट घेऊन सात वर्षं झाली. गणपती, नवरात्र, कोजागिरी, सगळ्याला आम्ही वर्गणी देतो, काम करतो, माझी आई मोदक वळायला जाते. यावर्षी मी ग्रुपवर लिहिलं की १४ एप्रिलला हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती करूया. आधी दिवसभर कोणीच काही बोललं नाही, मग एकांनी लिहिलं, "तुम्ही करा, आम्ही येऊ." दुसऱ्यांनी लिहिलं की सोसायटीत जातीचा विषय नको. मी जातीचा एक शब्द लिहिला नव्हता.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात सगळ्यात जास्त टोचतो तो "तुम्ही" हा शब्द. गणपतीच्या वेळी सात वर्षं "आपण" होतं आणि एका मेसेजने "तुम्ही-आम्ही" झालं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात कदाचित वाईट काही नसेलही, पण हे वाचणाऱ्या त्यांनाही मी सांगू इच्छिते की जातीचा विषय त्या मुलीने आणला नाही, तो तुम्ही आणलात. जातीचा विषय आपल्याकडे रोजच असतो, नवीन माणूस भेटला की पहिल्या मिनिटाला "आडनाव काय?" आणि आडनावावरून कळलं नाही की "मूळचे कुठले?" आणि तरीही नाही कळलं की "घरी मांसाहार चालतो का?" हे प्रश्न काय हवापाण्याचे असतात का?

आता काय करायचं ते. ग्रुपवर चर्चा थांबव, तिथे लोक शूर होतात. कमिटीला दोन ओळींचा अर्ज दे, की १४ एप्रिलला हॉल हवा, कार्यक्रम सोसायटीचा, खर्च गणपतीसारखा कॉमन फंडातून, वेळ नऊच्या आत संपेल. गणपतीला जो नियम तोच इकडे, यापेक्षा जास्त काही मागायचं नाही आणि कमीही घ्यायचं नाही. जोतिबांची जयंती ११ एप्रिलला असते, तीन दिवसांचं अंतर, दोन्ही मिळून एक आठवडा करता येतो, पुस्तकं मांडता येतात, मुलांकडून संविधानाची उद्देशिका वाचून घेता येते. आणि निवेदन, खुर्च्या, खीर हे सगळं तुमच्या घरावर घेऊ नकोस. जे "आम्ही येऊ" म्हणाले त्यांनाच एकेक काम दे, कारण पाहुणा म्हणून आलेला माणूस पाहुणाच राहतो.

कोणी म्हणेल आमच्यात भेदभाव नाही, आम्ही वारीला जातो. वारीत खरंच फार सुंदर आहे ते, लहान-थोर न बघता एकमेकांच्या पाया पडतात, सगळे एकमेकांना माउली म्हणतात. पण त्याच पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. त्याआधी वीस वर्षं, २० मार्च १९२७ ला, महाडला तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन जावं लागलं. तुझ्या आईच्या हातचे मोदक सात वर्षं सगळ्यांनी खाल्ले. तिला या वर्षी मोदकांना जायचं नसेल तर तिला आग्रह करू नकोस, आणि जायचं असेल तर अडवूही नकोस, तिचं तिला ठरवू दे.

अर्ज नाकारला तर कारण लेखी माग. मला कळवही.

आम्ही अमेरिकेत असतो, मिस्टर तमिळ आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात मुलांच्या मराठीवर लोक हसतात, प्रेमानेच हसतात पण मुलगा आता येत नाही म्हणतो.

प्रेमाने हसलं तरी बारा वर्षांच्या मुलाला ते हसणंच ऐकू येतं. त्याने "मी आली" म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, माईकवर तर नाहीच, आपण बोलताना बरोबर रूप वापरलं की त्याच्या कानावर पडतंच. त्याला काम द्या, साऊंड, फोटो, लहान मुलांची रांग, काम करता करता भाषा येते. आणि मिस्टरांची ओळख "आमचे साऊथ इंडियन जावई" अशी कोणी करून देत असेल तर थांबवा, त्यांना नाव आहे. निवेदन मराठीतच असू दे, मंडळ त्यासाठीच आहे, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून चालू आहे, पण शेजारी बसलेल्या एकाने मधूनमधून त्यांना काय चाललंय ते सांगावं, याला फार कष्ट लागत नाहीत.

कोकणात आमचं गाव आहे, मी मुंबईत नोकरी करतो, शिमग्याला दरवर्षी जातो. आमच्या वाडीत एका घराला गावकीने दंड केला होता, त्यांनी भरला नाही. तेव्हापासून त्यांच्या दारात पालखी जात नाही, त्यांच्याकडे कोणी बसत नाही, त्यांना कार्याचं बोलावणं नसतं. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी बोललो तर आमच्या घरावर येईल म्हणून सगळे गप्प आहेत, मी पण.

तुमची भीती खोटी नाही, मी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही. पण जे चाललंय त्याला वाळीत टाकणं म्हणतात आणि महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ पासून, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सण, मिरवणूक, धार्मिक कार्यात भाग घेऊ न देणं हे त्यात स्पष्ट येतं. पोलिसांकडे जायचं की नाही हे त्या घराने ठरवायचं, त्यांच्या वतीने तुम्ही परस्पर तक्रार करू नका, पण असा कायदा आहे हे त्यांना माहीत आहे का, ते आधी बघा. बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गावकऱ्यांशी बोलताना सभेत उभं राहून भाषण नको. मानकऱ्यांपैकी एक-दोन समंजस म्हातारे असतातच, त्यांच्याकडे संध्याकाळी जा, कायद्याचा कागद बरोबर ठेवा पण आधी काढू नका. त्यांना विचारा, पैशाचं भांडण गावाचं आहे, देवाने काय म्हणून त्या दारात जायचं नाही? दंडाचं भांडण वेगळं मिटवता येईल, पालखीला त्यात ओढू नका एवढंच मागा. तुमच्यासारखे मुंबईकर पाच-सहा असतील, त्यांनाही फोन करा, एकट्याने जाण्यापेक्षा चार जणांनी गेलेलं बरं, म्हणजे एकाच घरावर राग निघत नाही.

आणि ते होईपर्यंत थांबू नका. यंदा गावी पोचलात की बायको-मुलांना घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा, लपूनछपून रात्री नाही, दिवसाउजेडी. चहा ठेवतील तो प्या. वर्गमित्राशी शाळेच्या गप्पा मारा. घरात कोणी म्हातारी असेल तर तिला विचारा की पालखी तुमच्या अंगणात शेवटची कधी नाचली, आणि ती जे सांगेल ते मानकऱ्यांकडे जाताना तिच्याच शब्दांत सांगा.